यांत्रिक नक्कल आणि मराठी पाठ

जुन्या मराठी ग्रंथांतील उतारे आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ज्या वाटेने येतात ती वाट गेल्या वीस वर्षांत पार बदलून गेली आहे. परंतु या बदलाची जी चिकित्सा व्हावयास हवी होती ती मराठीच्या अभ्यासकांकडून पुरेशी झालेली नाही. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसे, समोर पुस्तक उघडे ठेवी आणि उतारा वहीत उतरवून घेई. त्यात चूक झाली तर ती त्याच्या हाताची असे, आणि परीक्षकाने विचारले तर तो ती कबूल करी. आज तेच पुस्तक संगणकाच्या पडद्यावर उघडते. पान स्वच्छ दिसते, मजकूर सहज वाचता येतो. मात्र त्यातील चार ओळी उचलाव्यात म्हणून त्यांवरून कर्सर फिरवावा तर काहीच हाती लागत नाही, कारण पडद्यावर असते ते अक्षरांचे छायाचित्र. मग ते चित्र ओसीआरच्या, म्हणजे अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राच्या, स्वाधीन केले जाते. क्षणात मजकूर तयार होतो, आणि तो 'मूळ ग्रंथातील उतारा' म्हणून प्रबंधात दाखल होतो. या मजकुराला मूळ म्हणण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दिसतो पण उचलता येत नाही असा मजकूर एकाच जातीचा नसतो, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. वर सांगितलेली छायाचित्रांची जात सर्वांत मोठी. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या उपक्रमात स्कॅन झालेली पुष्कळ मराठी पुस्तके पुढे इंटरनेट आर्काइव्हवरही उपलब्ध झाली, आणि जी पुस्तके पाहण्यासाठी पूर्वी तीन गावांच्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवावे लागत ती आता घरबसल्या पाहता येतात. हा उपकार लहान नव्हे. परंतु ही पुस्तके पाहता येतात, म्हणजे त्यांतील शब्द यंत्राला ठाऊक आहेत, असे नव्हे.

दुसरी जात अधिक विचित्र आहे. येथे मजकूर निवडता येतो, त्याची नक्कलही होते; पण ती दुसऱ्या ठिकाणी उतरवली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थशून्य रांग उभी राहते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि 'इस्की' या नावाने ओळखले जाणारे भारतीय मानकही त्याच वर्षी निश्चित झाले. पण मुद्रणाच्या व्यवहारात एकसंकेताची पद्धत रुळावयास फार काळ लागला. तोवर मराठी पुस्तके श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फाँटांत जुळवली गेली. या फाँटांत मराठी अक्षराचे केवळ रूप असे. त्याच्या मागे साठवलेला संकेत रोमन अक्षराचा असे. कृतिदेव फाँटात 'मराठी' हा शब्द लिहावयाचा तर यंत्राच्या पोटात लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच ही पाच रोमन अक्षरे जातात. ती जुन्या रेमिंग्टन टंकयंत्रावरील देवनागरी कळांच्या जागा आहेत. फाँट काढून घेतला की मराठी नाहीशी होते आणि ही पाच अक्षरे उघडी पडतात.

महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. त्या पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत बद्ध केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीचा उलगडा होईपर्यंत लीळाचरित्रासारखा ग्रंथ पंथाबाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ बंदच होता. तेथेही एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर एवढाच संकेत होता. भेद इतकाच की महानुभावांनी आपली अक्षरे हेतुपुरस्सर झाकली. आपण ती नकळत झाकली, आणि तीही अगदी अलीकडे. १८५७ सालची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येते, आणि १९९८ साली निघालेल्या एखाद्या मराठी कादंबरीत मात्र एक शब्द शोधता येत नाही, हा विपर्यास याच कारणाने घडला आहे.

पीडीएफ या नावाने सर्वांच्या परिचयाची झालेली रचना हा या दुसऱ्या जातीचाच एक प्रकार होय. अडोबी कंपनीने १९९३ साली ती आणली तेव्हा तिचे प्रयोजन पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे हे होते. त्यातील शब्द पुन्हा काढून घेता यावेत हे नव्हे. म्हणून तिच्यात शब्द नसतात, अमुक आकृती अमुक जागी उमटवावी अशा आज्ञा असतात. कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर, याची सारणी सोबत जोडता येते. पण ती अपुरी असेल तर देवनागरीचे हाल होतात. पहिली वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतरची, परंतु कागदावर व्यंजनाआधी उभी राहते. रफार उच्चाराने आधीचा, परंतु कागदावर नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आकृत्यांच्या क्रमाने नक्कल केली की 'विचार'चा 'िवचार' होतो आणि 'वर्ष'चे 'वषर्'. 'वषर्' हा शब्द ज्याने पडद्यावर कधीच पाहिला नाही असा मराठी वाचक आज विरळाच. ही चूक डोळ्यांना लगेच टोचते, आणि म्हणून ती फारशी घातक नाही.

तिसरी जात कुलूपबंद मजकुराची. अक्षरे खरी असतात, पण प्रकाशकाने नक्कल करण्याची परवानगी काढून घेतलेली असते. याविषयी दोनच गोष्टी सांगतो. प्रताधिकार कायदा १९५७ याचे कलम ५२ संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी कृतीचा रास्त उपयोग मान्य करते. आणि तांत्रिक कुलपांविषयीचे कलम ६५अ, जे २०१२ च्या दुरुस्तीने आले, ते अधिकारभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोषी धरते. चार ओळींच्या अवतरणासाठी संशोधकाला कुलपाशी झुंजावे लागत असेल तर त्याने त्या ओळी हाताने लिहून घ्याव्यात. त्यात त्याचे नुकसान तर नाहीच, झाला तर लाभच आहे. ज्या लेखकांच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेली त्यांच्या ग्रंथांवरही कुलपे घातलेली आढळतात, हे मात्र हास्यास्पद आहे.

खरा प्रश्न पहिल्या जातीचा आहे, कारण तेथे मजकूर 'काढला' जात नाही. तो नव्याने लिहिला जातो. ओसीआर यंत्र चित्र पाहते आणि आपल्या समजुतीप्रमाणे अक्षरे लिहिते. पोथीवरून पोथी लिहिणारा लेखनिक याहून वेगळे काय करीत असे? तेव्हा यंत्राने तयार केलेला मजकूर ही मूळ ग्रंथाची एक नवी प्रत आहे, आणि नव्या प्रतीला जे नियम लागू होतात ते सर्व तिला लागू झाले पाहिजेत. हे इतके सरळ आहे की ते सांगण्याचीही गरज पडू नये. पण गरज आहे. कारण या नव्या प्रतीला स्वतःचे रूप नसते. पुष्कळ संग्रहांत ओसीआरचा पाठ छायाचित्राच्या मागे अदृश्य ठेवलेला असतो. वाचक पाहतो ते छायाचित्र, आणि त्यावर कर्सर फिरवून उचलतो तो मागचा पाठ. डोळा एक प्रत वाचीत असतो आणि हात दुसऱ्याच प्रतीतून उतारा घेत असतो. पोथ्यांच्या व्यवहारात अशी फसगत कधीच शक्य नव्हती.

या यंत्रांचा इतिहास थोडक्यात असा. आज सर्वांत अधिक वापरात असलेल्या मुक्त यंत्रांपैकी टेसरॅक्ट हे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ नंतरच्या दशकात घडले, २००५ साली ते सर्वांस खुले झाले, आणि पुढे गूगलच्या आश्रयाने वाढले. २०१८ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून त्याची पद्धत बदलली. आधी ते अक्षर सुटे करून एकेकाची ओळख पटवीत असे; आता ते ओळीची ओळ एका प्रवाहात वाचते आणि मागच्यापुढच्या अक्षरांवरून मधले ठरवते. देवनागरीला, जिथे शिरोरेषेने शब्दाचा शब्द बांधलेला असतो, ही दुसरी पद्धत मानवते यात शंका नाही. इंटरनेट आर्काइव्हवर पुष्कळ वर्षे भारतीय लिपींतील ग्रंथांना मागचा पाठच नव्हता. तो मिळू लागला तो टेसरॅक्टमुळे.

मराठी पानावर या यंत्रांचे हात कोठे घसरतात हे ज्याने शंभरएक पाने ताडून पाहिली आहेत त्याला पाठ झालेले असते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'व' आणि 'ब' यांची अदलाबदल नेहमीची. 'विद्या'ची 'विघा' होते. जुन्या छापाचा 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी उभे केल्यासारखा असल्यामुळे पत्र रवाना होण्याऐवजी 'खाना' होते. देवनागरीच्या सुधारणेची चर्चा चालू असताना ख, ध, भ यांची रूपे बदलावीत असे सुचवले गेले ते उगाच नव्हे. परंतु मराठीची म्हणून जी खास चूक, ती 'ऱ्या'ची. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास हा भेद मराठी कानाला जितका स्पष्ट तितकाच मराठी डोळ्यालाही. पण तो अर्धचंद्राकृती 'र' हिंदीच्या नेहमीच्या लेखनात येत नाही, आणि यंत्र त्याला 'न' समजते. 'करणाऱ्या'चे 'करणान्या', 'दुसऱ्या'चे 'दुसन्या', 'साऱ्या'चे 'सान्या'. मराठीतील यांत्रिक नकलांचा हा जणू शिक्का आहे. एखाद्या छापील ग्रंथात 'दुसन्या' दिसले की तो मजकूर कोठून आला हे सांगण्यास पुरावा लागत नाही.

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका गौरवग्रंथासाठी मी एकोणिसाव्या शतकातील एका निबंधकाराच्या इतिहासदृष्टीवर लेख लिहिला. त्याचा समग्र संग्रह पडद्यावर होता आणि मागे पाठही होता. 'ऱ्हास' हा शब्द त्यात शोधला. एकही स्थळ मिळाले नाही. 'अवनती' मात्र अनेकवार सापडला. यावरून मी एक परिच्छेद उभा केला: हा निबंधकार 'ऱ्हास' म्हणत नाही, कारण ऱ्हास आपोआप होतो आणि अवनती ओढवून घेतली जाते, त्याच्या मते समाजाचे पतन ही समाजाचीच करणी, आणि म्हणून तो शब्दही तसाच निवडतो. परिच्छेद मला स्वतःला फार आवडला होता. लेख छापून आल्यावर माझ्याच एका विद्यार्थिनीने, अत्यंत संकोचाने, मला पुस्तकातील अकरा स्थळे आणून दाखवली. निबंधकार 'ऱ्हास' मनमोकळेपणाने वापरतो. यंत्राने तो सर्वत्र 'न्हास' केला होता. आणि जेथे चुकून बरोबर वाचला होता तेथेही तो मला सापडला नाही, कारण हा अर्धा 'र' युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा, किंवा साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडावा आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावे. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्राला दोन निराळे शब्द.

चुकीचे अवतरण निदान पानावर दिसते, आणि कोणी तरी ते दुरुस्त करू शकतो. 'हा शब्द या ग्रंथात नाही' हे विधान मात्र कोठेच दिसत नाही. त्याच्या मागे रिकामी जागा असते. पोथ्या वाचणारा संशोधक असे विधान करताना दहादा विचार करी, कारण ते करावयाचे म्हणजे सबंध ग्रंथ वाचावा लागे. आज ते अर्ध्या क्षणात करता येते. शब्दसंख्येवर आधारलेले जे अभ्यास अलीकडे आपल्याकडे होऊ लागले आहेत त्यांतील किती निष्कर्ष अशा रिकाम्या जागांवर उभे आहेत, ते तपासल्याखेरीज समजणार नाही.

अनुस्वारांचा विषय याहूनही नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालचे. त्यांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्यापूर्वीच्या छापील मराठीत हे अनुस्वार व्याकरणाचे काम करीत होते. 'ती आली' म्हणजे एक स्त्री आली. 'तीं आलीं' म्हणजे मुलें आलीं, पाखरें आलीं. 'ते' म्हणजे पुष्कळ पुरुष, 'तें' म्हणजे एक वस्तू. जुन्या काव्यात तर तृतीया आणि सप्तमी यांची ओळखच अनेकदा या टिंबावर अवलंबून असते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध करून तिचे जे व्याकरण लिहिले त्यात प्रत्ययांची सानुनासिकता हा पुराव्याचा भाग आहे. आता जे यंत्र आजच्या मराठीवर शिकले आहे, ज्याने 'तीं' हे रूप क्वचितच पाहिले आहे, त्याला ते टिंब कागदावरचा डाग वाटते आणि ते गाळले जाते. उलट खरोखरच्या डागाला, तो सोयीच्या जागी पडला असेल तर, ते अनुस्वार मानते. 'त्याची पत गेली' याचे 'त्याची पंत गेली' झाले तर आपण हसून सोडून देऊ. पण 'दगा झाला' आणि 'दंगा झाला' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, दोन्ही ऐतिहासिक पत्रांत शोभतात, आणि दोहोंचा इतिहास निराळा.

ऐतिहासिक कागदांच्या बाबतीत या यांत्रिक प्रतीची पिढी कितवी, याचाही विचार केला पाहिजे. मूळ पत्र मोडीत, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घांचा भेद बहुधा पाळला जात नसे. त्याचे नागरी लिप्यंतर कोणी संशोधकाने केले. ते जुळाऱ्याने खिळ्यांत बसवले. छापील पानाचे कधी काळी स्कॅन झाले. आणि त्या स्कॅनवरून यंत्राने वाचले. प्रत्येक पायरीवर एक लेखनिक बसला आहे. पहिल्या तिघांना मराठी येत होती, म्हणजे आपण काय लिहीत आहोत हे त्यांना ठाऊक होते. शेवटच्याला येते की नाही हा वादाचा प्रश्न आहे, आणि तो येथे सोडवण्याचे कारण नाही.

कारण पाठचिकित्सेच्या दृष्टीने ज्ञानी लेखनिक हा अज्ञ लेखनिकाहून नेहमीच अधिक धोक्याचा ठरला आहे. ज्याला अर्थ कळत नाही तो दिसेल ते लिहितो. त्याची चूक विद्रूप असते, आणि विद्रूप असल्यामुळे तिच्या आडून मूळ रूप डोकावत राहते. 'विघा' वाचून 'विद्या' ओळखता येते. ज्याला अर्थ कळतो, किंवा कळतो असे वाटते, तो अडखळला की सोपा शब्द घालतो. ओळ सुरळीत होते आणि मूळ पाठ निशाणीही न ठेवता जातो. डॉ. वि. सी. सुखठणकरांच्या नेतृत्वाखाली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे जे काम उभे राहिले, आणि जे त्यांच्या पश्चात १९६६ साली पूर्ण झाले, त्यात दोन पाठांपैकी कठीण पाठाकडे संपादकाने आदराने पाहावे हे तत्त्व आहे. कारण कठिणाचे सोपे लेखनिकाच्या हातून सहज होते, सोप्याचे कठीण सहसा होत नाही.

नव्या यंत्रांचे वळण या तत्त्वाच्या नेमके उलट आहे. ओळ प्रवाहात वाचणारे यंत्र संभाव्य अक्षराकडे झुकते. आणि आता जी मोठी भाषाप्रारूपे चित्र दाखवले की मजकूर लिहून देतात ती संभाव्य शब्दाकडे, संभाव्य वाक्याकडेही झुकतात. पान फाटले असेल तेथे ती कधी कधी वाक्य पुरे करून देतात. 'कां', 'नांव', 'होतें' यांची गुपचूप 'का', 'नाव', 'होते' अशी रूपे करतात. सावरकरी पद्धतीने छापलेल्या 'अि', 'अु' यांना 'इ', 'उ' करून ठेवतात, आणि मग तो मजकूर कोणत्या लिपिवादाच्या काळात छापला गेला याची खूणच उरत नाही. सर्वात चांगले यंत्र तेच सर्वांत सोपा पाठ देणार. त्याच्या हजार अक्षरांतील चुका पूर्वीपेक्षा कमी असतील, पण ज्या उरतील त्या ओळखू येणार नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो मागच्या लेखनिकांनी त्यात जे बिघडवले होते ते पाहून. आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले. ज्याला बजावता येईल असा लेखनिक त्यांच्यासमोर होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. माणूसही चुकतो, टंकलेखक तर भरपूर चुकतो, मग यंत्रालाच का धारेवर धरावे? यंत्रामुळे जे ग्रंथ कोणीच टाइप केले नसते ते निदान शोधण्याजोगे झाले. हे खरे आहे. किंबहुना यापुढे जाऊन मी म्हणेन की, निवडता न येणारा मजकूर तसाच ठेवणे हा अन्याय आहे. आमच्या विभागात एका अंध विद्यार्थ्याने एम.ए. केले. त्याचा संगणक पडद्यावरील अक्षरे वाचून दाखवी. पण नेमलेल्या ग्रंथांपैकी जे केवळ छायाचित्रांत होते ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते, आणि जे जुन्या फाँटांत होते ते त्याच्या कानावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन पडत. डोळस विद्यार्थ्यांची जी अडचण ती त्याची बंदी होती. अंध वाचकांना ग्रंथ सुगम व्हावेत म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत होय (२०१४). तेव्हा कायद्याची बाजू येथे फारशी अडवीत नाही. त्या विद्यार्थ्याने ओसीआरचाच आधार घेतला, 'दुसन्या' ऐकून मनात 'दुसऱ्या' करून घेतले, आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. यंत्र नसते तर त्याला कोणाच्या तरी सवडीवर बसून राहावे लागले असते.

माझा आक्षेप यंत्राच्या उपयोगाला नाही; तो प्रबंधांच्या संदर्भपानाला आहे. तेथे आवृत्ती लिहिली जाते, प्रकाशक लिहिला जातो, साल लिहिले जाते. पण उतारा त्या आवृत्तीतून घेतलेलाच नसतो. तो एका निनावी प्रतीतून घेतलेला असतो, जिच्या लेखनिकाचे नाव, वय आणि गुणदोष कोणीच नोंदवीत नाही. हस्तलिखितांवर काम करणारा संशोधक प्रत्येक पोथीला संकेताक्षर देतो, ती कोणी कोठे लिहिली हे सांगतो, तिच्या लेखनिकाच्या सवयी नोंदवतो. यांत्रिक प्रतीचे एवढेही होत नाही. कोणते यंत्र, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेसाठी ते लावले होते, हिंदीसाठी की मराठीसाठी, ही चार वाक्यांची नोंद आहे. हिंदीसाठी लावलेले यंत्र मराठी पानावर चालवले असेल तर 'ऱ्य' आणि 'ळ' यांविषयी त्या प्रतीची साक्ष मानू नये, हे त्या नोंदीवरूनच कळेल. परंतु विद्यार्थी ती करीत नाहीत, मार्गदर्शक मागत नाहीत, आणि परीक्षकांनाही (मी स्वतःला यातून वगळीत नाही) विचारण्याचे सुचत नाही.

जुन्या छापखान्यांत मुद्रिते तपासताना दोघे बसत. एक मूळ मजकूर मोठ्याने वाची, दुसरा छापलेल्या कागदावर डोळा ठेवी. काना, मात्रा, अनुस्वार तोंडाने म्हटले जात. विभागात गेल्या दोन वर्षांपासून आम्ही उताऱ्यांपुरती ही रीत पुन्हा चालू केली आहे. एक विद्यार्थी छायाचित्र वाचतो, दुसरा यंत्राचा पाठ पाहतो. काम कंटाळवाणे आहे, आणि एका तासात सहासात पानांहून अधिक होत नाही. मात्र त्यातून विद्यार्थी जुनी मराठी जितकी शिकतात तितकी ती वर्गात शिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. 'तीं' म्हणताना आवाज नाकातून काढावा की नाही यावर एकदा अर्धा तास वाद झाला.

याच वाचनात गेल्या पावसाळ्यात ऐतिहासिक पत्रांच्या एका छापील खंडातील एक ओळ अडली. यंत्राने 'दंगा' वाचले होते. छायाचित्रात 'द'वर टिंब दिसत होते, पण शिरोरेषेपासून जरा दूर आणि इतर अनुस्वारांहून फिके. वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे, टिंब आहे. पाहणाऱ्याचे म्हणणे, डाग आहे. पडद्यावर चित्र कितीही मोठे केले तरी निर्णय होईना. शेवटी दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात त्याच आवृत्तीची दुसरी प्रत आहे असे कळले, तेव्हा एक जण एस.टी.ने जाऊन ती पाहून आला. त्या प्रतीत टिंब नव्हते.